गोवर आत राहतो तेव्हा

गेल्या महिन्यात एका वाचक आजींचे पत्र आले. अक्षर नातवाचे, मजकूर आजींचा. त्यांच्या नातीला आठव्या महिन्यात ताप आला, डोळे लाल झाले, नाक वाहू लागले आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठले. घरात सर्वांनी ओळखले, गोवर. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, पोरीला मनुकांचे पाणी पाजले. पण पुरळ म्हणावे तसे अंगभर फुटले नाही, दोन दिवसांतच मावळले. आता मुलगी दहा महिन्यांची झाली आहे आणि सून तिला गोवराच्या लशीसाठी आरोग्य केंद्रात नेते म्हणते. आजी विचारतात, "गोवर नीट बाहेर पडला नाही, आत राहिला. आता वरून त्याचीच लस टोचली तर आतला गोवर उसळणार नाही का? आणि आत राहिलेला गोवर पुढे काय करतो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. लशीने आतला गोवर उसळत नाही, सूनबाईंनी मुलीला अवश्य न्यावे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला बराच वेळ विचार करायला लावला, आणि आजचा सगळा लेख त्याच्यासाठी आहे.

गोवर "बाहेर पडला पाहिजे", नाहीतर तो पोटात राहतो, ही समजूत घरोघरी आहे. आम्ही डॉक्टर मंडळी ती ऐकून हसतो. पुरळ म्हणजे काही विषाणू कातडीतून बाहेर पडत नसतो. रक्तातून कातडीपर्यंत पोचलेल्या विषाणूवर शरीराचे सैनिक तुटून पडतात, त्या लढाईच्या खुणा म्हणजे पुरळ. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे, त्याच्या अंगावर कधी कधी पुरळ उठतच नाही आणि न्यूमोनिया मात्र जबर होतो. म्हणजे जुन्या बायकांचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हते. कारण तेवढे वेगळे होते.

पण गोवराचा विषाणू खरोखरीच आत राहतो, असेही घडते. ते फार क्वचित घडते. पुरळ किती उठले याच्याशी त्याचा संबंध नसतो. ताप उतरतो, मूल खडखडीत बरे होते, शाळेत जाऊ लागते, आणि सहा, आठ, दहा वर्षांनी मेंदूचा एक असाध्य रोग डोके वर काढतो. हा विषाणू बाहेर का पडू शकला नाही, याचे उत्तर त्याच्या एका प्रथिनात सापडले आहे. ते समजण्यासाठी आधी विषाणूचा संसार पाहावा लागेल.

आठ जणांचा कारखाना

माणसाचा जनुकीय मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. गोवराच्या विषाणूचा मजकूर अवघा १५,८९४ अक्षरांचा, आरएनए नावाच्या एका धाग्यावर लिहिलेला. त्यात सहा जनुके आणि त्यांपासून तयार होणारी आठ प्रथिने, एवढेच त्याचे भांडवल. शास्त्रज्ञांनी त्यांना एन, पी, एम, एफ, एच आणि एल अशी नावे दिली आहेत. पी च्याच जनुकातून व्ही आणि सी अशी आणखी दोन निघतात. एवढ्या आठ जणांच्या बळावर एक रुग्ण, आसपास कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना गोवर देतो. ज्या खोलीत तो बसला होता, तेथील हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकून राहतो.

मला या विषाणूचे कौतुक वाटते ते असे, की यांतला एकही जण एकटा कामाचा नाही. प्रत्येकाचे हात दुसऱ्यात गुंतलेले आहेत. वाचकांना सोपे जावे म्हणून आपण छापखान्याचे उदाहरण घेऊ. आपले वर्तमानपत्र जसे आधी छापले जाते, मग घडी घालून त्याचे गठ्ठे बांधले जातात आणि मग ते एस.टी.वर चढते, तसाच क्रम येथेही आहे.

पहिला एन. आरएनएचा धागा उघडा राहिला तर पेशी त्याला ओळखते आणि मोडून टाकते. म्हणून एन प्रथिनाचे मणी त्या धाग्यावर एकाला एक चिकटून बसतात. प्रत्येक मणी बरोबर सहा अक्षरे झाकतो, पाच नाही की सात नाही. १५,८९४ ला सहाने भागून पाहा, भाग पूर्ण जातो आणि उत्तर येते २,६४९. विषाणूचा मजकूर सहाच्या पटीत नसेल तर त्याची नक्कल नीट होत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. या मण्यांची गुंडाळी होऊन एक लांब मळसूत्र बनते. प्रत्येक मण्याला एक सैल, लोंबती शेपटी असते. ही शेपटी ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

दुसरा पी आणि तिसरा एल. मजकूर वाचून त्याच्या प्रती काढणारे खरे यंत्र म्हणजे एल, आठांतले सर्वांत मोठे प्रथिन. पण एल ला मण्यांची माळ स्वतःहून पकडता येत नाही. पी एका हाताने एल ला धरतो आणि दुसऱ्या हाताने एन च्या त्या लोंबत्या शेपट्या पकडत, सोडत, पुन्हा पकडत पुढे सरकतो. चार पी एकत्र येऊन हे काम करतात. पी चे आणखी एक काम आहे. नुकताच तयार झालेला एन मणी मोकळा सुटला तर तो पेशीच्याच एखाद्या आरएनएवर जाऊन बसेल आणि फुकट जाईल. म्हणून पी त्याला तयार होताच धरून ठेवतो आणि नव्या धाग्यावर नेऊन बसवतो.

ही छपाई पेशीत कोठेही चालत नाही. एन आणि पी पुरेसे जमले की ते पेशीद्रवात वेगळे होऊन थेंब करतात, कटाच्या आमटीवर तेलाचे थेंब तरंगावेत तसे. त्या थेंबांतच प्रती निघतात. हे थेंब द्रवासारखे वागतात, एकमेकांत मिसळतात, हे २०१९ च्या सुमारास नीट दिसून आले. पण थेंब जुने होऊन घट्ट झाले की सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ते ठिपके वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांच्याकडे आपण परत येऊ.

छपाईत एक गंमत आहे. एल यंत्र धाग्याच्या एकाच टोकाला चढू शकते, मधेच नाही. तेथून एन, पी, एम, एफ, एच, एल या क्रमाने ते जनुके वाचत जाते आणि दर जनुकाच्या सीमेवर थांबते. थांबले की काही यंत्रे तेथेच गळून पडतात. डेपोतून भरून निघालेल्या एस.टी.तून थांब्याथांब्यावर माणसे उतरावीत आणि शेवटच्या गावी चारदोनच पोचावीत, तसा हा प्रकार. परिणाम असा, की एन च्या प्रती सर्वांत जास्त निघतात आणि एल च्या सर्वांत कमी. गरजही तशीच असते. मणी हजारो लागतात, यंत्रे थोडी पुरतात. हिशेब ठेवणारा कोणी नाही, नुसत्या क्रमानेच प्रमाण साधले जाते.

व्ही आणि सी यांचे थोडक्यात सांगतो. पेशीत विषाणू शिरला की ती धोक्याची घंटा वाजवते, इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजाऱ्यांना सावध करते. व्ही त्या घंटेची दोरी कापतो. सी एल यंत्राला चुका कमी करायला लावतो, म्हणजे पेशीला संशय यावा असे वेडेवाकडे आरएनएचे तुकडे तयार होत नाहीत. म्हणूनच अंगात विषाणू शिरल्यावर पहिले दहा-बारा दिवस मूल हसत-खेळत असते आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही.

बांधणी करणारा एम

आता या गोष्टीतला मुख्य गडी. एम हे प्रथिन आकाराने लहान, नावाने अप्रसिद्ध. लशीच्या चर्चेत त्याचा उल्लेख येत नाही. पण तो नसेल तर छापलेले कागद पेशीतच पडून राहतील.

एम च्या जोड्या पेशीच्या आवरणाला आतून येऊन चिकटतात आणि फरशीसारखे सलग जाळे विणतात. या जाळ्याला दोन बाजू. वरच्या बाजूने आवरणाबाहेर उभ्या असलेल्या एच आणि एफ या प्रथिनांची आत आलेली टोके त्याने धरलेली असतात. खालच्या बाजूने तो मण्यांच्या माळेला धरतो, त्यासाठी एन ची ती लोंबती शेपटी उपयोगी पडते. म्हणजे आतला मजकूर आणि बाहेरचे कवच यांची गाठ मारणारा हाच. माळ हाती आली की तो एल यंत्राचे वाचन थांबवतो. छपाई पुरे, आता बांधणी. मग आवरणाला फुगवटा येतो, तो तुटून वेगळा होतो आणि नवा विषाणू बाहेर पडतो. हे कण एकसारखे नसतात, लहान असतात, मोठे असतात. मोठ्या कणात कधी कधी एकाहून अधिक माळा बांधल्या जातात. हा ढिसाळपणा पुढे विषाणूच्या कामी येतो.

एम हा संयमाचेही काम करतो, ते समजण्यासाठी एच आणि एफ पाहू. एच हा हात. तो पेशीवरची ठरावीक मूठ पकडतो. संरक्षक पेशींवरची मूठ, नाव स्लॅम, २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधली. श्वासमार्गाच्या अस्तरावरची मूठ, नाव नेक्टिन-४, ती २०११ मध्ये सापडली. ती अस्तराच्या वरच्या बाजूस नसते, आतल्या बाजूस असते. म्हणून विषाणू फुप्फुसातल्या संरक्षक पेशींत आधी शिरतो, त्यांच्याबरोबर गाठी आणि प्लीहा यांत जाऊन वाढतो आणि मग आतून श्वासनलिकेच्या अस्तरात येतो. तेथून तो नळीच्या पोकळीत सुटतो आणि खोकल्याबरोबर हवेत. म्हणजे त्याला पुढच्या मुलापर्यंत नेणारी वाट ही आहे.

एफ ही उंदराच्या सापळ्यातली ताणलेली स्प्रिंग. एच ने मूठ पकडली की खटका निघतो, एफ झेपावतो आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जाते. दार उघडले, माळ आत. पण संसर्ग झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरही एच आणि एफ उभेच असतात. ते शेजारच्या पेशीलाच धरू लागले तर दोन पेशी एकमेकींत विरघळून एक होतात. एम आतून दोघांची टोके धरून बसलेला असतो, त्यामुळे या प्रकाराला आवर बसतो.

असे आपण म्हणतो, पण पुरावा काय? १९९५ मध्ये झुरिचच्या प्रयोगशाळेत गोवराचा विषाणू त्याच्या जनुकीय मजकुरापासून नव्याने घडवण्याची युक्ती साधली. १९९८ मध्ये तेथेच एम अजिबात नसलेला विषाणू तयार करून पाहिला. तो जगला. पण त्याचे बाहेर पडणे फारच घटले आणि पेशी एकमेकींत मिसळण्याचा प्रकार वाढला. बांधणी करणारा गेला आणि त्याबरोबर आवर घालणाराही गेला.

जो बाहेर पडला नाही

आता त्या मेंदूच्या रोगाकडे येऊ. त्याचे नाव सबअ‍ॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, सोईसाठी एसएसपीई. सुरुवात इतकी साधी असते की घरचे आणि शिक्षक दोघेही फसतात. हुशार मुलगा गणितात मागे पडतो. वहीतले अक्षर बिघडते. चिडचिड वाढते, सांगितलेले लक्षात राहत नाही. शाळा म्हणते लक्ष नाही, घरचे म्हणतात टीव्ही जास्त झाला. मग काही महिन्यांनी त्याच्या हातातला पेला एकाएकी उडतो, चालता चालता गुडघे सोडून तो पडतो, आणि हे झटके ठरावीक अंतराने येऊ लागतात. मेंदूच्या विद्युत आलेखात त्याच अंतराने उंच लाटा दिसतात. पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले की त्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे भरमसाट असतात. निदान होते तेव्हा आईला विचारले जाते, लहानपणी गोवर आला होता का? आई म्हणते, हो, तान्हा होता तेव्हा, पण तो तर चार दिवसांत बरा झाला. पुढे बहुतेक मुले एक ते तीन वर्षांत जातात. काही औषधांनी रोगाची गती मंदावते, तो बरा होत नाही.

अमेरिकन वैद्य जेम्स डॉसन यांनी १९३३ मध्ये अशा एका मुलाच्या मेंदूतील पेशींत विचित्र ठिपके पाहिले. हे काहीतरी विषाणूचे असावे असे त्यांना वाटले, पण विषाणू सापडेना. १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्यांत मळसूत्राचे ढीग दिसले. १९६९ मध्ये रुग्णांच्या मेंदूतून गोवराचा विषाणू वाढवता आला. तरी एक कोडे राहिलेच. पेशी माळांनी ठासून भरलेल्या, पण आवरणातून बाहेर पडणारा विषाणू कोठेच दिसत नाही.

दुवा मिळाला १९७९ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. तेथील संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे एकेका प्रथिनाविरुद्ध तपासली. बाकीच्या प्रथिनांविरुद्ध भरपूर, एम विरुद्ध जवळजवळ काहीच नाही. म्हणजे शरीराला एम दिसतच नव्हता. १९८८ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी गोवराने मेंदू बाधित झालेल्या रुग्णांतील विषाणूचा मजकूर वाचला. एका रुग्णाच्या विषाणूत एम च्या जनुकातील 'यू' या अक्षरांपैकी जवळजवळ निम्मी बदलून 'सी' झालेली होती. असा एकतर्फी बदल साध्या चुकीने होत नाही. बहुधा आपल्याच पेशीतील एक विकर हे करते. परके आरएनए दिसले की त्यातील अक्षरे बदलून ते निकामी करणे हे त्याचे काम. येथे त्याने विषाणूचा बांधणीवाला निकामी केला. विषाणू मात्र मेला नाही, आत कोंडला गेला.

छापलेल्या कागदांचे ढीग, बांधणी बंद. डॉसन यांना १९३३ मध्ये दिसलेले ठिपके ते हेच.

बाहेर न पडणारा विषाणू पसरतो कसा, हा पुढचा प्रश्न. येथे एफ ची गोष्ट येते. मेंदूच्या चेतापेशींवर स्लॅमही नाही आणि नेक्टिन-४ ही नाही. धरायला मूठच नाही, तेव्हा साधा विषाणू तेथे फारसा पुढे सरकू शकत नाही. पण एसएसपीईच्या विषाणूंत एफ चा खटका सैल झालेला आढळतो. अशा एफ ला कच्ची पकडही पुरते. चेतापेशीवरची दुसरी दोन प्रथिने त्याच पेशीवरच्या एच ला हलकासा धक्का देतात आणि तेवढ्याने स्प्रिंग सुटते, असे जपानच्या क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. त्यात आतून आवर घालणारा एम नाहीसा झालेला. मग माळा एका चेतापेशीतून शेजारच्या चेतापेशीत, दोघी जेथे भेटतात तेथूनच, परस्पर सरकतात. बाहेर पाऊलच न टाकल्यामुळे रक्तातली आणि मणक्याच्या पाण्यातली प्रतिपिंडे कितीही असोत, त्यांच्या हाती काही लागत नाही.

सैल खटक्याचा एफ बाहेरच्या जगात कुचकामी असतो, उष्णतेने तो आपोआपच सुटून वाया जातो. बाहेर जायचेच नसल्यामुळे मेंदूत त्याला ती अडचण येत नाही. म्हणून वाचकांना एक सांगून ठेवतो. एसएसपीई झालेल्या मुलापासून कोणालाही गोवर होत नाही. त्याच्याजवळ बसावे, त्याचा हात धरावा, त्याच्या भावंडांना दूर ठेवू नये.

२०२३ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या रोगाने मृत्यू पावलेल्या एका व्यक्तीच्या मेंदूच्या अनेक भागांतील विषाणू वाचून काढले. पसरण्याची सुरुवात कपाळामागच्या भागातून झाली होती. आणि एकच एक विषाणू तेथे नव्हता. निरनिराळे बदल झालेल्या माळा एकमेकींच्या सोबतीने प्रवास करत होत्या, एकीत जे उणे ते दुसरीने भरून काढत. एकाच कणात अनेक माळा बांधण्याची ढिसाळ सवय मी वर सांगितली, तिचेच हे मेंदूतले रूप. त्याच वर्षी क्यूशूच्या गटाने दाखवले की मूळ एफ आणि बदललेला एफ एकाच पेशीत एकमेकांना अडवूही शकतात आणि मदतही करू शकतात. आठ प्रथिनांचे एकमेकांशी असलेले नाते बिघडले, तरी उरलेले नवे नाते जुळवून घेतात, असा हा प्रकार आहे.

आजींच्या नातीचे काय

हे सारे वाचून आजी घाबरतील याची मला जाणीव आहे, म्हणून आकडे सरळ सांगतो. गोवर झालेल्या बहुसंख्य मुलांना हा रोग कधीच होत नाही. पण गोवर जितक्या लहान वयात, तितका धोका अधिक. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९९८ ते २०१५ या काळातील रुग्णांची मोजणी झाली. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्यांत सुमारे १,३६७ मुलांमागे एकाला एसएसपीई झाला, आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ६०९ मुलांमागे एकाला. पूर्वी आम्हाला शिकवला गेला तो लाखात चार-पाच हा आकडा बराच कमी होता, असे आता म्हणावे लागते.

आजींच्या नातीला झालेला आजार गोवरच होता, असेही खात्रीने सांगता येत नाही. दोन दिवसांत मावळणारे पुरळ रुबेलाचे किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूचेही असू शकते. गोवराचे पुरळ साधारण पाच-सहा दिवस टिकते आणि जाताना काळपट डाग ठेवते. रक्त तपासले नाही, तेव्हा नुसत्या आठवणीवर विसंबून लस टाळणे बरोबर नाही. गोवर झालेला असला तरी लशीने अपाय होत नाही. नसला तर तिचे मोल सांगायला नको. शिवाय आता दिली जाणारी लस गोवर आणि रुबेला या दोन्हींची आहे.

गोवर होऊन गेला असेल, तर नंतर दिलेल्या लशीने एसएसपीई टळत नाही, हेही लपवणार नाही. ती वेळ संसर्गाच्या आधीची असते. आणि लशीतल्या विषाणूमुळे हा रोग होतो का, असे काही पालक विचारतात. जगभर रुग्णांच्या मेंदूतून काढलेले विषाणू तपासले गेले. ते नेहमी साथीतले निघाले, लशीतला विषाणू कधी निघाला नाही.

ही लस पाहिली तर जुनीच आहे. १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळेतील डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या रक्तातून थॉमस पीबल्स आणि जॉन एंडर्स यांनी विषाणू मिळवला. त्याच्याच वंशातून १९६३ ची पहिली लस आली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी लसही त्याच वंशाची, एडमन्स्टन-झाग्रेब नावाची. फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते आणि ही इतक्या दशकांत बदलावी लागली नाही, याचे कारण पुन्हा प्रथिनांच्या गुंतागुंतीतच आहे. एच ज्या भागाने स्लॅम आणि नेक्टिन-४ पकडतो, बरोबर त्याच भागावर आपली प्रभावी प्रतिपिंडे बसतात. त्यांना चुकवण्यासाठी एच ने तो भाग बदलला, तर मूठ सुटते आणि मुलाकडून मुलाकडे जाणेच बंद पडते.

साध्या गोवरानेही नुकसान होते, ते विसरू नये. एच स्लॅमची मूठ धरतो ती संरक्षक पेशींवर, आणि जुन्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या पेशी त्यातच असतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. गोवरानंतर वर्ष-दोन वर्षे मूल सारखे आजारी पडते, असे आया सांगतात ते खरे आहे.

नऊ महिन्यांखालच्या बाळाचा प्रश्न उरतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे तोवर ओसरू लागलेली असतात आणि लशीची वेळ आलेली नसते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीच्या आरोग्य खात्याने शाळकरी वयाच्या एका मुलाचा एसएसपीईने मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्याला गोवर झाला तेव्हा तो लशीच्या वयाचा झालेलाच नव्हता. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुले दगावली. त्या वेळी केंद्र सरकारने साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याची सूचना केली होती. त्या साथीत जी तान्ही मुले गोवरातून बरी झाली, ती २०३० च्या सुमारास तिसरी-चौथीत असतील. त्यांच्या डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी वर लिहिलेली लक्षणे ध्यानात ठेवलेली बरी.

आजींच्या घरासाठी लिहितो ते असे. लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांच्या आत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, उजव्या दंडावर. पहिला घेतला आणि दुसरा राहिला, असे आमच्याकडे नेहमी दिसते. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो घेता येतो. कार्डावरचा तो रकाना पाहावा. थोरल्या नातवाचेही कार्ड काढून पाहावे. घरात कोणाला गोवर आलाच, तर दुखणे अंगावर काढू नये. डॉक्टरांकडून जीवनसत्त्व 'अ' चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी घ्यावेत. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. खाणे-पिणे तोडू नये, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत राहावे. श्वास जलद चालू लागला, मूल सुस्त पडले किंवा झटका आला, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे.

पत्राच्या शेवटी आजींनी विचारले होते, की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला तो चुकला का. मुळीच नाही. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत गोवर दुसऱ्याला लागतो. दाराला डहाळा पाहून शेजारची लेकुरवाळी उंबऱ्यावरूनच मागे फिरते, आणि तिच्या कडेवरचे बाळ लस घ्यायच्या वयाचे व्हायला अजून कदाचित दोन महिने असतात.